काकूंसाठी पाट्या

नंदू,

तुझ्या आईला मी सांगितलं. ते काम शेवटी माझ्याच गळ्यात पडलं. तू असतास तर पोट धरून हसला असतास. "पुणेकर सांगून राहिला? मग झालं. आई दिवाळीपर्यंत वाट पाहीन माझी." तसंच व्हायची वेळ आली होती. ते पुढे सांगतो.

आधी हे ऐक की मला काही वाटत नाहीये. खरंच सांगतो. तीन आठवड्यांपूर्वी मंगळवारी ते सगळं झालं तेव्हापासून मला झोप लागते, भूक लागते, ऑफिसच्या मेलला मी उत्तरंही देतो. तुमच्या घरचे कचऱ्याचे बिन्स बाहेर ठेवायचे होते, तर या आठवड्यात हिरवा की काळा हे बघायला मी रस्त्यावर जाऊन उभा राहिलो आणि शेजाऱ्यांचे बघून आपला ठेवला. दाताच्या डॉक्टरने इंजेक्शन दिल्यावर आपलाच गाल आपला वाटत नाही ना, तसं. बोट लावून बघितलं तर आहे जागेवर, पण कुणाचा कोण जाणे. मला आपलं वाटायचं की असं काही झालं तर मी कोसळेन वगैरे. कसलं काय! मी आपला बिन्स ठेवतोय.

स्टेशनच्या कार पार्कमधून तुझी गाडी मीच आणली. सीट एवढी मागे की माझे पाय पेडललाच पोचेनात. ताडासारखा वाढलायस, दुसरं काय. सीट पुढे घेतली, रीडिंग गावातून सावकाश चालवत घरी आणली, तुमच्या ड्राइव्हवेवर लावली. आणि उतरताना सीट परत होती तशी मागे केली. का केली, मला विचारू नकोस. आता ती गाडी चालवायची झाली तर तुझी सुनीताच चालवणार, आणि ती तर माझ्यापेक्षाही बुटकी.

आपली पहिली भेट भांडणातच झाली होती, आठवतं? मेडनहेडच्या ऑफिसात मायक्रोवेव्हसमोरच्या रांगेत. मी फोनवर बहिणीशी बोलत होतो, तर मागून आवाज, "मराठी आहे का बे तू?" बे! ओळख ना पाळख. मी म्हटलं, "आपण कोण?" तू म्हणालास, "बाप रे, पुण्याचा दिसते." आणि माझ्या डब्यात डोकावून, "ही भाजी आहे का प्रसाद? एवढीशी?" मला असा राग आला होता म्हणून सांगू. त्याच रविवारी मी तुझ्या घरी जेवायला होतो. तेव्हापासून दर रविवारी. लग्नाच्या भानगडीत मी कधी पडलो नाही, त्यामुळे रविवारी मला दुसरीकडे कुठे जायचंही नव्हतं. सुनीता मला भावजी म्हणायला लागली, रेवा माझ्या देखत बोलायला शिकली. तिला मराठीत लिंगं कधीच जमली नाहीत, मी जन्मभर सुधारत राहिलो आणि तू म्हणत राहिलास, "बोलून राहिली नं पोरगी, कायले टोकतो?"

मग तुझे बाबा गेले आणि तुझी आई, म्हणजे आमच्या काकू, दर उन्हाळ्यात सहा महिन्यांच्या व्हिसावर इकडे यायला लागल्या. कान तोवर पार गेलेच होते. कानाचं मशीन होतं, पण ते शिट्ट्या मारायचं म्हणून त्यांनी ड्रॉवरमध्ये टाकून दिलं होतं. त्यांना फक्त तुझे ओठ वाचता यायचे. सुनीताचे थोडेफार. माझे मुळीच नाही. "तुह्या दोस्ताचे ओठच हालत नाई," त्या तुला माझ्यासमोर मोठ्याने सांगायच्या, "पुण्याचे लोक तोंड बंद करून बोलतेत का?" म्हणून तू फ्रिजवर तो पांढरा बोर्ड लावलास, मार्कर दोरीने बांधून. मला काकूंशी बोलायचं झालं की मी तो काढायचा, लिहायचं, त्यांनी वाचायचं. तेही मनात नाही. शाळेतल्या मुलीसारखं खणखणीत आवाजात, एकेक शब्द तोडून. स्वतःला ऐकू येत नसल्यामुळे आपण किती जोरात वाचतोय याचा त्यांना पत्ताच नसे. "भात, फार, छान, झाला, होता." सगळ्या गल्लीला कळायचं की श्रीकांतला भात आवडला.

सिनेमाची कल्पना तुझी. टीव्हीसमोर त्या नुसत्या बसून राहायच्या. सिरियल लावली तर लोक तोंडं हलवतायत एवढंच दिसायचं, आणि खाली इंग्रजी. एका रविवारी तू म्हणालास, "आवाज नसलेलाच सिनेमा लावू नं. मग आपण सगळेच बहिरे." आणि शोधून शोधून काढलास तो कुठला, तर अमेरिकेतला शंभरेक वर्षांपूर्वीचा, सोन्याच्या खाणीवरचा. मी म्हटलं, अरे, त्यांना काहीतरी विनोदी दाखव, पडणं-झडणं, हसतील तरी. तू म्हणालास, "माझी आई खदानीच्या कॉलनीत आयुष्यभर राहिली. तिले पाहू दे, गोऱ्याइची खदान कशी असते ते."

इथूनच आपलं जुंपलं. खदान नाही, खाण. मी शंभर वेळा सांगितलं की मराठीत खाण म्हणतात, खदान हिंदी आहे. तू म्हणालास, "तू कधी पाहिली का खाण? मी खदान पाहिली आहे. माझे बाबा खदानीत उतरत होते. खाणीत उतरला असता तर कोणी सांगतलं असतं मले." यावर काय बोलणार? तरी मी बोललो. त्या पूर्ण आठवड्यात आपण सकाळच्या ट्रेनमध्ये खाण आणि खदान यावरून भांडत होतो आणि समोरची गोरी बाई आपल्याकडे बघून जागा बदलून गेली. आपण काहीतरी भयंकर ठरवतोय असं वाटलं असणार तिला.

त्या सिनेमात मधेमधे बोलण्याच्या इंग्रजी पाट्या होत्या. ठरलं असं की त्या तू कापून काढायच्या, मी मराठी करून द्यायच्या आणि तू मोठ्या अक्षरांत परत चिकटवायच्या. "पुणेकराले पाट्या लिहायले लावून राहिलो," तू सगळ्यांना सांगत सुटलास. "आता पाह्य, दर पाटीवर लिहीन, येथे रडू नये, अपमान होईल." सुनीता इतकी हसली की तिला ठसका लागला. मीही हसलो, पण मनातून चिडलो होतो. कारण मी ते काम फार मनापासून करत होतो. ऑफिसात लंच सोडून करत होतो. तुला हे कधी सांगितलं नाही, आणि तू विचारलंही नाहीस. पण तू त्या पाट्यांतलं एकही अक्षर मला न विचारता बदललं नाहीस, हेही मी बघत होतो.

एका जागी मात्र तू बदलायला हवं होतंस. त्यात एक खलनायक होता, दुसऱ्याने शोधलेली जमीन रातोरात बळकावणारा. पाटीवर त्या जमिनीला जो 'क्लेम' शब्द होता त्याचा कोशातला अर्थ मी घातला, दावा. आणि बळकावण्याला तिकडे उडी मारणं म्हणतात. तर मी लिहिलं, "त्याने माझ्या दाव्यावर उडी मारली." काकूंनी ते खणखणीत वाचलं, मग तुझ्याकडे वळून विचारलं, "दाव्यावरून उडी मारली? कोनाचं ढोर होतं बांधलं?" तू सोफ्यावरून खाली घसरलास. मी म्हटलं, दावा म्हणजे हक्क, कायद्याचा. पण ते बोर्डावर लिहीपर्यंत सिनेमातला माणूस घोड्यावर बसून निघूनही गेला होता. काकूंना आपलं वाटलं की तो सुटलेलं ढोर शोधायला गेला.

पण पुढे गंमत संपली. खाणीच्या तोंडाशी लोक गोळा होतात तो भाग आला. कुठलीशी भिंत आत कोसळलेली आहे, पुरुष दोर ओढतायत, आणि बायका लांब उभ्या आहेत. पुढे येत नाहीत. तिथे एकही पाटी नव्हती. काकू पुढे सरकून बसल्या. हातातला रुमाल त्यांनी मांडीवर ठेवला. मग म्हणाल्या, "अशाच उभ्या राहत होतो आम्ही. भोंगा अवेळी वाजला का." तू त्यांच्याकडे बघितलंस. खोलीत नुसता बॉयलरचा आवाज येत होता. तुझे बाबा त्यातून दर वेळी परत आले होते, म्हातारे होऊन घरी पलंगावर गेले, हे मला माहीत होतं. पण काकू किती वेळा अशा उभ्या राहिल्या असतील हे मला त्या दिवसापर्यंत माहीत नव्हतं. शप्पथ, त्या दिवसापासून मी खदान म्हणायला लागलो. तुझ्यासमोर नाही म्हटलं कधी. तेवढा मान कोण देणार तुला.

आणि त्याच्या पुढची ती पाटी. सिनेमात दोन भागीदार आहेत, एक उंच, एक बुटका. उंच आत गाडला जातो. बुटक्याला टेकडी उतरून त्याच्या बायकोला सांगायला जावं लागतं. ती सगळ्या वस्तीचे कपडे धुणारी. दोरीवर कपडे टाकत असते. हा येऊन टोपी काढून उभा राहतो, आणि इंग्रजी पाटीवर येतं की तो डोंगररांग ओलांडून गेला. त्या लोकांची ती बोलायची रीत. मेला म्हणायचं नाही, डोंगर ओलांडून गेला म्हणायचं. मला ते फार आवडलं. मी लिहिलं, "तो डोंगर ओलांडून पलीकडे गेला." काकूंनी वाचलं, मान डोलावली. आणि मग सिनेमा संपेपर्यंत त्याची वाट पाहिली.

संपल्यावर दिवे लावले तर त्या जागच्या हलेनात. "तो पहाडाच्या पल्ल्याड गेलेला वापस नाई आला?"

तू एवढा हसलास! आणि मग एकदम हसायचा थांबलास आणि माझ्यावर उखडलास. "काय लिहून राहिला बे तू? मेला लिही नं सरळ. तिले कळलंच नाही का तो मेला." मी म्हटलं, मूळ पाटीत मेला नाहीये. मूळ माणसाला ते म्हणवत नाहीये, म्हणून तर तो डोंगर म्हणतोय. आणि मेला हा काय शब्द आहे? आमच्याकडे दूध उतू गेलं की गॅसला मेला म्हणतात. तू म्हणालास, "जो मेला त्याले मेलाच म्हणतेत. ती बाई कपडे वाळवून राहिली आहे, तिले समजलं पाहिजे. सांगणाऱ्याले बरं वाटावं म्हणून नाही सांगत आपण." मी म्हटलं, वारला लिहू का? तू म्हणालास, "मेला." मी म्हटलं, निधन? तू उठून चहा टाकायला गेलास. किचनमधून ओरडलास, "मेला!"

ते तसंच राहिलं. पाटी बदलून पुन्हा लावू असं ठरलं होतं, पण मी म्हणायचो तू हार मान, तू म्हणायचास मी मानावी, आणि मधे दुसरी कामं यायची. अजून तुझ्या लॅपटॉपवर तो उंच माणूस डोंगरापलीकडेच आहे.

त्या मंगळवारी सकाळी तू नेहमीची ट्रेन पकडलीस. मी घरून काम करत होतो. मेडनहेडच्या प्लॅटफॉर्मवर तू खाली बसलास म्हणे, आधी बसलास आणि मग आडवा झालास. लोक थांबले. अॅम्ब्युलन्स लवकर आली. सगळं नीट झालं, नंदू, कुणी कसली हयगय केली नाही. तरी नाही. सुनीताचा फोन आला तेव्हा मी मीटिंगमध्ये होतो. मी म्हटलं, "एक मिनिट," आणि माझं वाक्य पूर्ण केलं. मग तिचं ऐकलं.

हॉस्पिटलमधून परत येताना माझ्या गाडीत सुनीता पुढे, मागे रेवा, तिला आम्ही कॉलेजवरून घेतलं होतं. सर्कलपाशी सिग्नल लागला तेव्हा सुनीता म्हणाली, "आईंना कोण सांगणार?" मग स्वतःच म्हणाली, "माझ्याच्यानं नाही होणार, भावजी. तुम्ही सांगा. त्या तुमचं लिहिलेलं वाचतात." मागून रेवा म्हणाली, "काका, मी सांगतो असं वाटला मला, पण मला मराठी लिहिता नाही येत. आणि माझं लिप्स आजीला नाही कळत." मी सुधारलं नाही. तिच्या आयुष्यात पहिल्यांदा मी तिचं वाक्य सुधारलं नाही. तिच्या ते लक्षात आलं, आणि तिथे ती रडायला लागली.

त्या दोघी हॉलमध्येच थांबल्या. मी किचनमध्ये गेलो. काकू टेबलाशी मेथी निवडत होत्या. मला बघून खूश झाल्या. "आज सुट्टी आहे का तुले?" मी फ्रिजवरचा बोर्ड काढला. त्यावर तुझं अक्षर होतं, सकाळचं, काकू उठायच्या आधीचं. रेघ न ओढता लिहिलेलं, वाकडं, शाळेत कधी चांगलं अक्षर काढलं नव्हतंस हे जगाला ओरडून सांगणारं. "गोळी घे. संध्याकाळी लवकर येतो."

आता ते पुसणार कसं? खाली थोडी जागा होती. मी तिथे लिहिलं, "नंदू गेला."

आणि बोर्ड त्यांच्यासमोर धरला. त्यांनी वरपासून वाचायला सुरुवात केली. खणखणीत. "गोळी, घे. संध्याकाळी, लवकर, येतो. नंदू, गेला." मग म्हणाल्या, "हाव, गेला नं तो सकाळीच. डबा इथंच विसरला, पाह्य. गोळी घेतली म्या. तू जेवला का?"

मी मान हलवली. होय म्हणून. अरे, मी होय म्हणून मान हलवली, नंदू! त्यांनी परत मेथीची काडी उचलली. आणि मी बोर्ड हातात धरून उभा. हॉलमध्ये त्या दोघी श्वास रोखून उभ्या होत्या, आणि इथे तुझी आई मला जेवलास का विचारत होती. गेला! मराठीत काय शब्द आहे हा! ऑफिसला गेला, दूध आणायला गेला, आणि हा.

मग मी शब्द शोधायला लागलो. तुला माझं माहीत आहे. निधन झालं म्हणजे पेपरातली बातमी. कैलासवासी म्हणजे भिंतीवरचा फोटो. देवाघरी गेला लिहावं, तर काकूंनी विचारलं असतं, कोणत्या देवळात, स्लाऊच्या का? वारला लिहायला मार्कर टेकवलाही. पण ते मला बरं वाटावं म्हणून झालं असतं, हे मला टेकवता टेकवताच कळलं. तू ओरडलास असं काही मी म्हणणार नाही. मला काही ऐकू वगैरे आलं नाही. मी तळव्याने बोर्ड पुसला, तुझं अक्षरही गेलं, हात निळा झाला. आणि मी तुझा शब्द लिहिला. जिंकलास जा.

"नंदू मेला."

त्यांनी सवयीने वाचलं. जोरात, एकेक शब्द तोडून. आधी वाचून झालं, आणि मग कळलं. हॉलमधून सुनीताचा आवाज आला, तसला आवाज मी तिचा कधी ऐकला नव्हता. काकूंना अर्थात तो ऐकू आला नाही. त्या बोर्डाकडे बघत होत्या. मग त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं, इतकी वर्षं जिकडे बघून काही उपयोग नाही म्हणायच्या तिकडे, आणि म्हणाल्या, "सांग."

मी सांगितलं. तोंडाने. ओठ नीट मिटून, नीट उघडून. "मेला."

त्यांनी मान डोलावली. थोडा वेळ मेथीवरून हात फिरवत राहिल्या. मग विचारलं, "दुखलं का त्याले?" मी नाही म्हणून मान हलवली. मला काय माहीत! पण हे मी तुला विचारून ठरवू शकत नव्हतो. नंतर सुनीता आत आली, रेवा आली, आणि त्या तिघी एकमेकींना धरून बसल्या. मी मेथीची भाजी फ्रिजमध्ये ठेवली.

त्यानंतरचं सगळं कागदी आहे. इथे माणूस असा अचानक गेला की लगेच ताब्यात देत नाहीत, प्रकरण कॉरोनरकडे, म्हणजे मृत्यूची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याकडे जातं, तपासणी, मग रजिस्ट्रार, मग क्रिमेटोरियमची वेळ मिळेपर्यंत थांबा. तू तिकडे कुठल्यातरी थंड खोलीत आणि आम्ही इकडे, लोकांनी आणलेली पुलाव-राजमाची पातेली परत करताना कुणाचं कुठलं झाकण हे शोधत. मराठी मंडळातल्या बायका रोज येत होत्या. चांगल्या वागल्या सगळ्या. मला बघून त्या म्हणायच्या, श्रीकांत किती सावरून आहे. मी सावरून नव्हतो रे. माझ्यात सावरण्यासारखं काही सांडतच नव्हतं. तुझ्या मोबाईलचं कॉन्ट्रॅक्ट बंद करायला फोन केला तर त्या मुलीने विचारलं, ग्राहक आमच्यावर नाराज आहेत का? मी म्हटलं, नाही, तशी काही तक्रार नव्हती.

क्रिमेटोरियममध्ये पडदा ओढला गेला तेव्हाही मला काही वाटलं नाही. काळ्या कोटातले ते लोक अदबीने उभे, भटजींनी फोनवर वेळ बघत मंत्र म्हटले, कारण त्यांना पुढच्या कुटुंबाची वेळ सांभाळायची होती. रेवा इंग्रजीत बोलली, फार सुंदर बोलली. मी तुझ्याबद्दल मराठीत बोलायचं ठरलं होतं. मी उठलो, म्हटलं, "नंदू माझा मित्र होता," आणि खाली बसलो. पुढचं काही सुचलंच नाही. दुःखाने गळा दाटला वगैरे काही नाही, नुसतं सुचलं नाही. तू असतास तर म्हणाला असतास, पुणेकर आणि एका वाक्यात बसला खाली, नोंद घ्या.

आता लिहितोय तर सुचतंय. तू मला घर दिलंस. मी मागितलं नव्हतं, मागितलं असतं तर तू चेष्टा केली असतीस, म्हणून बरं झालं मागितलं नाही. तुझ्या ताटाशेजारी माझं ताट मांडलंस, तुझ्या पोरीचा काका केलंस, तुझ्या आईशी बोलायला बोर्ड लावून दिलास. आपण इतके भांडलो की आभार मानायला जागाच उरली नाही. तू जिवंत असताना मी हे म्हटलं असतं तर तू म्हणाला असतास, "तब्येत बरी आहे नं तुझी?" तरी म्हणायला हवं होतं. म्हणतो आता. मी तुझा फार ऋणी आहे, नंदू. आणि मला तुझा राग आला आहे. संध्याकाळी लवकर येतो असं लिहून ठेवू नये माणसाने.

आज रविवार. मी आलो, सवयीने, दुपारच्या जेवणाला. सुनीता झोपली होती, रेवा तिच्याजवळ. काकूंनी तुमच्याकडचा गोळाभात केला होता, बेसनाचे गोळे घातलेला. भातावर हिंगाच्या फोडणीचं तेल ओतलं आणि ताट माझ्यापुढे सरकवलं. मी जेवायला लागलो. चव लागत होती, चांगला झाला होता. त्या समोर बसून माझ्याकडे बघत होत्या, आपण लहान मुलाला ताप आहे का बघतो तसं.

"तू रडला नाई," त्या म्हणाल्या.

मी बोर्ड घ्यायला उठणार होतो. त्यांनी हाताने बस म्हणून खूण केली.

"त्या दिवशी नाई, तिकडं जाळलं तवा नाई. मी पाहून राहिली. लोकाइची लाज वाटते का?"

मी मान हलवली. होय की नाही, मलाच कळलं नाही. घास हातातच राहिला. त्यांनी तो माझ्या हातातून काढून ताटात ठेवला आणि माझी खरकटी बोटं आपल्या दोन्ही हातांत धरली.

"रड नं बापा," काकू म्हणाल्या. "मोठ्यानं रड. मले कुठी ऐकू येते."

आणि नंदू, मी रडलो.